वहिनीचा हुकलेला उन्हाळा

आमच्या गावात उन्हाळा येतो तो आधी माझ्या वहिनीच्या अंगात येतो. शाळांच्या परीक्षा अजून सुरूही झालेल्या नसतात, किनाऱ्यावरच्या टपऱ्यांवर ताडपत्र्या बांधलेल्याच असतात, आणि ही बाई सकाळी सहाला पाहुण्यांना भाड्यानं द्यायच्या वरच्या तिन्ही खोल्यांच्या खिडक्या सताड उघडून बिजागऱ्यांना तेल घालत असते. मग गाद्या उन्हात पडतात, पडदे धुतले जातात, गच्चीच्या कठड्याला नवा रंग लागतो. साठीला आलेली बाई, पण पायाला भिंगरी लावल्यासारखी जिना वर-खाली करते. रस्त्यानं जाणारा प्रत्येक जण विचारतो, "मावशी, आलं का कुणी?" आणि ती म्हणते, "येतील, येतील. हवा फिरली आहे."

मी तिची नणंद. माझा भाऊ जाऊन अकरा वर्षं झाली. मी लग्न केलं नाही. टपाल कचेरीत एकतीस वर्षं पत्रांची वर्गवारी केली आणि आता वहिनीच्या घरामागच्या गल्लीत दोन खोल्यांत राहते. गावात मला मागून 'हवालदार' म्हणतात. ते मला ठाऊक आहे, आणि मला ठाऊक आहे हे त्यांनाही ठाऊक आहे, त्यामुळे सगळं सुरळीत चालतं.

मला स्वतःला उन्हाळा आवडत नाही. पाहुणे येतात, गावाची वस्ती चौपट होते, भाजीच्या दुकानात रांग लागते, आणि वाळू तर कुठे कुठे निघते ते विचारू नका. एकदा माझ्या चष्म्याच्या डबीत निघाली होती. वहिनीला मात्र हे सगळं हवं असतं. ओल्या टॉवेलांनी भरलेली गच्ची, जिन्यावर धावणारी परकी पोरं, दुपारी अंगणात कुणीतरी रेडिओ लावलेला. आणि संध्याकाळी सहाच्या ठोक्याला ती कामं टाकून समुद्रावर जायची. किनाऱ्यापासून बरंच आत एक पिवळं पिंप तरंगत ठेवलेलं असतं, त्यापुढे जायचं नाही अशी खूण म्हणून. तिथपर्यंत पोहत जायचं, पिंपाला हात लावायचा, परत यायचं. तेवीस-चोवीस वर्षं एकही उन्हाळा तिनं हे चुकवलं नव्हतं. थंडीत मात्र ती त्या पाण्याकडे ढुंकूनही पाहायची नाही. म्हणायची, "तो समुद्र वेगळा, वन्सं. त्याच्याशी माझी ओळख नाही."

ज्या वर्षाचं सांगते आहे, त्या वर्षी खिडक्यांना तेल घालून झालं होतं, गाद्या उन्हं खाऊन परत वर गेल्या होत्या, आणि तेवढ्यात माझ्या भाचीचा फोन आला. वहिनीची ही एकुलती एक लेक. बसनं तीन तासांवरच्या शहरात राहते, औषधांच्या दुकानात नोकरी करते. तिला सातवा महिना लागला होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं की बाळंतपणापर्यंत पलंगावरून उठायचं नाही, अगदी स्वयंपाकघरापर्यंतसुद्धा नाही. नवरा रस्त्याच्या बांधकामावर, घरी यायचा तो शनिवार-रविवारी.

"आई, तू येशील ना?"

"हे काय विचारणं झालं? उद्या निघते," वहिनी म्हणाली. फोन ठेवला आणि जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून राहिली. मी समोरच होते. बराच वेळ ती नुसती चपलेच्या टाचेनं पायरी घासत होती.

मग म्हणाली, "वन्सं, वरच्या खोल्या बघाल?"

मी नाही म्हणायला हवं होतं. पण तिचा चेहरा पाहून मला ते जमलं नाही.

तिनं मला सूचना दिल्या त्या मोठ्या कागदाच्या दोन्ही बाजूंना मावल्या नाहीत. मधल्या खोलीचा नळ उलटा फिरतो. कोपऱ्यातल्या खोलीत दरवर्षीचे गाणं शिकवणारे मास्तर आणि त्यांच्या बाई येणार, त्यांना पातळ उशा. पोरांना आरडाओरडा करू द्या. या शेवटच्या सूचनेखाली तिनं दोन रेघा ओढल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मी तिला बसमध्ये बसवून दिलं. बस सुटेपर्यंत ती खिडकीतून माझ्याशी बोलत होती, पण नजर माझ्या डोक्यावरून समुद्राकडे.

भाचीचं घर चौथ्या मजल्यावर. एकच मोठी खिडकी, आणि तिच्यासमोर दुसऱ्या इमारतीची भिंत. वहिनीनं पहिल्या आठवड्यात स्वयंपाकघरातले डबे तीनदा घासले. दुसऱ्या आठवड्यात पडदे बदलले. तिसऱ्या आठवड्यात कपाटं हलवायला काढली तेव्हा भाची पलंगावरून म्हणाली, "आई, बस की जरा. तुला बघून मलाच दम लागतो." मग ती वारा खायला गच्चीवर जायची, तिथं चार फेऱ्या मारायची, आणि खाली पोरगी एकटी आहे हे आठवून धावत परत यायची. हे सगळं मला नंतर भाचीकडून कळलं. वहिनी स्वतः तक्रारीचा एक शब्द बोलली नाही. फक्त रोज संध्याकाळी सहाला तिचा फोन यायचा.

"पाणी कसं आहे?"

"ओलं आहे," मी सांगायची.

"वन्सं, नीट सांगा. वारा कुठला आहे? लाट फुटतेय कुठे, जवळ की लांब?"

मी आयुष्यात कधी लाट कुठे फुटते ते पाहिलं नव्हतं. पण उत्तर द्यावं लागतं म्हणून पावणेसहाला गच्चीवर जाऊन बघायला लागले. मास्तर आले का, त्यांच्या बाईंचा गुडघा कसा आहे, मधल्या खोलीतल्या कुटुंबातली धाकटी पाण्याला अजून घाबरते का, सगळं ती विचारायची. एकदा बोलता बोलता हलक्या आवाजात म्हणाली, "पोरगी आतल्या खोलीत श्वास मोजत पडली आहे, आणि माझा जीव इथं लागत नाही. काय म्हणावं अशा बाईला?"

मी म्हटलं, "माणूस म्हणावं." टपाल कचेरीत एवढी शहाणी वाक्यं बोलायची सवय नव्हती मला, त्यामुळे लगेच मास्तरांच्या उशांचं सांगायला लागले.

असे सहा आठवडे गेले. सातव्या आठवड्यातल्या बुधवारी, सकाळी साडेदहाच्या सुमारास, मी अंगणात चादरी वाळत घालत होते. फाटक वाजलं. पाहते तर वहिनी. हातात फक्त पर्स.

मी चादर दोरीवर तशीच सोडली. "काय गं, पोरीला काही..."

"पोरगी ठीक आहे. शेजारच्या बाई बघणार आहेत तिच्याकडे. मी चारच्या बसनं परत जाते."

"तिनं पाठवलं तुला?"

वहिनीनं एका चादरीचं टोक उगीचच सरळ केलं. "तिला सांगितलंय, डोळे तपासून नवा चष्मा करायला जाते. दुकान लांब आहे, दिवस जाईल."

"वहिनी, खोटं बोललीस?"

"बोलले," ती म्हणाली. "आता रागवायचं असेल तर पटकन रागवा. माझ्याकडे वेळ कमी आहे."

मला एवढा राग आला होता की तो पटकन उरकण्यासारखा नव्हता. तिनं पर्स स्वयंपाकघरातल्या टेबलावर टाकली, पोहण्याचे कपडे चढवले, वरून गाऊन घातला आणि गेली. मास्तर अंगणात वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी "अरे, मावशी" म्हणून हात वर केला, तोवर ती वळणापलीकडे दिसेनाशीही झाली होती.

अर्धा तास झाला असेल. आतून फोन वाजायला लागला. माझा नव्हता; वहिनीच्या पर्समधला. वाजून थांबला, पुन्हा वाजला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मी पर्स उघडली. भाचीचं नाव.

"आई, कुठे आहेस तू? पोटात कळा यायला लागल्यात. पाणी गेलंय. शेजारच्या काकू रिक्षा बघायला गेल्यात."

मी म्हटलं, "बाळ, मी आत्या बोलतेय."

ती म्हणाली, "आई तिकडे आली आहे?"

एखादी गोष्ट रचायला मला एक क्षण मिळाला होता. पण इतकी वर्षं दुसऱ्याची पत्रं हाताळून एकही न फोडलेली बाई मी, आयत्या वेळी खोटं कुठून आणणार?

"हो. समुद्रात आहे."

भाचीनं श्वास घेतल्याचं ऐकू आलं. "बाहेर काढ तिला," ती म्हणाली, आणि फोन बंद झाला.

मी हातात होती ती ओली चादर घेऊनच धावले. धावले म्हणजे माझ्या गुडघ्यांनी जेवढं धावू दिलं तेवढं. किनाऱ्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. छत्र्या, चटया, चेंडू, वाळूचे किल्ले. एक किल्ला मी तुडवला, त्याची मी आजपर्यंत कुणाकडे माफी मागितलेली नाही. पाण्याच्या कडेला उभं राहून पाहिलं तर पिवळ्या पिंपापाशी एक काळा ठिपका. मी चादर हलवली. ठिपका थांबला, आणि त्यानं दोन्ही हात वर करून मला उलट हात केला. इतक्या लांबूनही कळत होतं की ती हसते आहे. माझ्या वहिनीला वाटलं, शेवटी हवालदारालाही उन्हाळा आवडला.

मला पोहता येत नाही. मी चादर हलवत अंगावरच्या कपड्यांनिशी आत चालत गेले. गुडघ्याइतकं, मग कमरेइतकं. एक लाट आली आणि माझा चष्मा घेऊन गेली. मी "वहिनी, वहिनी" ओरडत होते आणि आजूबाजूची पोरं मला बघून खिदळत होती. तेवढ्यात उंच खुर्चीवरच्या जीवरक्षकानं शिट्टी फुंकली. ती माझ्यासाठी होती. वहिनीनं ती शिट्टी ऐकली, मी बुडतेय असं तिला वाटलं, आणि ती जी निघाली ती एका दमात माझ्यापाशी येऊन पोचली.

"काय झालं? वन्सं, पाय लागतोय का तुमचा?"

"पोरीला कळा सुरू झाल्यात."

पाण्यात उभ्या माणसाचा चेहरा ओलाच असतो, त्यामुळे तो बदललेला दिसत नाही. पण तिनं माझा दंड धरला होता, त्यावर तिची नखं रुतली.

चारच्या आधी बस नव्हती. मास्तरांनी विचारलंसुद्धा नाही. घरात जाऊन गाडीची किल्ली घेऊन आले. भला माणूस, पण गाडी अशी चालवायचे की सायकलवालेही पुढे जात. शेजारी त्यांच्या बाई, मांडीवर नकाशा, प्रत्येक वळणावर "डावीकडे, म्हणजे तुमची डावी नव्हे." मागे मी आणि वहिनी. तिनं ओल्या कपड्यांवरच गाऊन चढवला होता. सीट भिजली, मी तर भिजलेलीच होते. ती नुसता उजवा पाय पुढच्या सीटखाली दाबत होती, जणू तिथंही एक ॲक्सिलरेटर आहे. तीन तासांच्या वाटेला आम्हाला पावणेचार लागले. मधे एकदा शेजारणीचा फोन आला: बाळ झालं, मुलगी आहे, वजन कमी आहे पण रडली. वहिनीनं फोन माझ्याकडे दिला आणि खिडकीच्या काचेला कपाळ टेकलं. पाय मात्र दाबतच होती.

दवाखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर शेजारची बाई बाकावर बसलेली. जावई अजून रस्त्यातच होता. बाळाला निगराणीसाठी काचेच्या उबदार पेटीत ठेवलं होतं, ते लांबून दाखवलं. मला चष्म्याशिवाय एवढंच दिसलं: मुठीएवढं डोकं, त्यावर काळी लव. वहिनीनं पाहिलं आणि ती लगेच भाचीच्या खोलीकडे निघाली, पण दारापाशी जाऊन थांबली. आत पाऊल टाकेना. चाळीस वर्षांत मी तिला कुठल्याही दारात थांबलेलं पाहिलं नव्हतं.

"ये ना आत," भाची म्हणाली.

वहिनी जवळ जाऊन वाकली. भाचीनं डोळे मिटूनच म्हटलं, "केसांना खारा वास येतोय."

"चुकलं माझं," वहिनी म्हणाली.

"तसं नाही. मला राग आला नाही, आई. खरं सांगू? आश्चर्यही नाही वाटलं. मला वाटलं होतं तू तिसऱ्या आठवड्यातच पळशील. सात आठवडे टिकलीस."

मी कोपऱ्यातल्या स्टुलावर होते. बाहेर जावं असं वाटलं, पण उठले असते तर आवाज झाला असता.

भाची थकलेली होती, थांबून थांबून बोलत होती. "शाळेला सुट्टी लागली की बाकीची पोरं उड्या मारायची. मी आपली पुस्तकं बांधायला घ्यायचे. माझी खोली पाहुण्यांना जायची. मी जिन्याखालच्या खोलीत, जास्तीच्या गाद्यांच्या ढिगावर. तू दिवसभर दिसायचीस, पण कुणाच्या तरी टॉवेलामागे. पाहुण्यांच्या पोरांना तू पोहायला शिकवलंस. मला कुणी शिकवलं, आठवतं?"

वहिनीनं पलंगावरच्या चादरीची सुरकुती सरळ केली.

"बाबांनी. गर्दी गेल्यावर, कुडकुडत. मी कॅलेंडरवर दिवस खोडायचे. एवढे गेले, एवढे राहिले, मग आई घरी येईल. तू घरातच असायचीस, तरी मी असंच म्हणायचे."

जिन्याखालच्या त्या खोलीत मीच दिवा लावून घेतला होता. पोरीला वाचता यावं म्हणून. तेव्हा मला वाटलं होतं, आपण केवढी सोय केली. ती तिथं खूश आहे की नाही हे विचारायचं मला कधी सुचलं नव्हतं, आणि मी तर टपाल कचेरीतून साडेपाचला मोकळी होत होते.

"तू कधी बोलली नाहीस," वहिनी म्हणाली.

"तू थांबायचीस कुठे ऐकायला?"

वहिनी पलंगाच्या कडेला बसली. गाऊनचा काठ अजून ओलसर होता. ती हातातल्या हातात बोटं मोडत राहिली. मग म्हणाली, "मला ते सगळं एवढं आवडायचं की मला वाटलं, तुलाही आवडतच असणार. न आवडायला त्यात काय आहे, असंच वाटायचं." आणखी एक बोट मोडलं. "अजूनही तसंच वाटतं, बघ. एवढं ऐकूनसुद्धा."

भाची हसली. टाके दुखले म्हणून लगेच थांबली. "ते मला माहीत आहे," ती म्हणाली. तिनं हात पुढे केला आणि वहिनीचं मोडायला राहिलेलं एक बोट धरून ठेवलं, आणि तशीच झोपली.

मी त्याच संध्याकाळी मास्तरांच्या गाडीतून परत आले. वहिनी तिथंच राहिली. बाळ नऊ दिवसांनी पेटीतून बाहेर आलं, मग घरी आलं. मोसमाचे पाच आठवडे अजून बाकी होते. जावयानं सुट्टी घेतली तेव्हा भाचीनं स्वतःहून सांगितलं, "जा चार दिवस, आई. आम्ही दोघं बघतो." वहिनी गेली नाही.

मी फोनवर विचारलं, "का गं? आता तर कुणाला फसवावं लागणार नाही."

"जायचंय, वन्सं. रोज सकाळी उठते तेव्हा पाय आधी तिकडे निघतात. पण जात नाही. दोन्ही खरं आहे. एक खरं म्हणून दुसरं खोटं होत नाही."

पोरीवर उपकार केल्याचा आव तिच्या बोलण्यात कुठेच नव्हता. तिची चुळबुळही थांबली नाही. भाची सांगायची, बाळाला खांद्यावर टाकून आई घरभर अशी फिरते की बाळाला बोटीतच वाढल्यासारखं वाटत असेल. मात्र सहाचे फोन बंद झाले. त्या वेळी बाळाची अंघोळ असायची. मी तरी सवयीनं पावणेसहाला गच्चीवर जायची. वारा कुठला, लाट कुठे फुटतेय ते बघायची, आणि मग हे कुणाला सांगायचं हे न कळून खाली यायची.

शेवटचे पाहुणे गेले. मी चादरी मोजून कपाटात ठेवल्या, टपऱ्यांवर ताडपत्र्या चढल्या, पिंप ओढून काठावर पालथं घातलं. वहिनी परत आली तेव्हा पहिल्या पावसानं हवेत गारवा आला होता. ती किनाऱ्यावर गेलीच नाही. काय बघायचं आता, म्हणाली.

थंडी पुरती पडल्यावर भाची बाळाला घेऊन पंधरा दिवस राहायला आली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं हट्ट धरला, समुद्रावर जाऊ. वहिनी वाटभर कुरकुर करत होती. "आत्ता काही नाही गं तिथं. सगळं मेलेलं असतं. तू उन्हाळ्यात आण हिला, मग बघ."

किनारा रिकामा होता. राखी रंगाचं पाणी, वाळूवर शेवाळाची काळी रेघ, लांबवर एक कुत्रा. भाचीनं चपला काढल्या, सलवार वर खोचली आणि सरळ पाण्यात गेली, पोटऱ्यांपर्यंत.

"अगं, गारठशील," वहिनी म्हणाली.

"मला हाच समुद्र आवडतो, आई," भाची मागे न बघताच म्हणाली. "आमचा हा होता. माझा आणि बाबांचा. तूही यायचीस कधीकधी, आठव. शाल गुंडाळून वाळूत बसायचीस आणि घरी चला म्हणायचीस."

वहिनीनं बाळ माझ्याकडे दिलं. मला वाटलं ती पोरीला ओढून बाहेर काढणार. पण ती कडेला गेली, एक पाय पाण्यात घातला, चटका बसल्यासारखा मागे घेतला, पुन्हा घातला. दोघी तिथं उभ्या राहिल्या, एकमेकींपासून हातभर अंतरावर. वहिनी सारखी या पायावरून त्या पायावर होत होती. बाळाची टोपी वाऱ्यानं उडत होती, ती धरून धरून माझी बोटं बधिर झाली. परत चला म्हणून मी दोनदा हाक मारली. दोघींपैकी कुणी ऐकली नाही.